दुखत नाही ती गाठ आधी दाखवा

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात बाई आजारी कधी धरतात? तिचं काम थांबलं की. ताप भरला, कंबर धरली, पाय सुजला आणि आवणीला जाता आलं नाही, तर हिला दवाखान्यात न्यायला हवं हे घरात सगळ्यांना कळतं. स्तनाचा कर्करोग या हिशेबात बसतच नाही. सुरुवातीचे कित्येक महिने तो काहीच थांबवत नाही. गाठ अंगात असताना बाई आवणी करते, वाडीत चिकू वेचते, फुग्याच्या कारखान्यात पाळी भरते, उंबरगावच्या जीआयडीसीला जाणाऱ्या गाडीत उभ्याने प्रवास करते. गाठ दुखत नाही म्हणून ती तिला आजार म्हणत नाही, आणि आजारच नाही तर रोज बुडवून दाखवायला कोण जाईल?

म्हणून सांगणं थोडं उलटं आहे. दुखणारी गाठ दाखवाच, पण न दुखणारी त्याच्याही आधी दाखवा. स्तनात दुखण्याची कारणं पुष्कळ असतात आणि त्यातली बहुतेक साधी असतात. पाळीच्या आधी स्तन जड होऊन ठणकतात, अंगावर पिणारं मूल असेल तर दूध साकळतं, विळा-कुऱ्हाड चालवून छातीचे स्नायू भरून येतात. कर्करोगाची गाठ मात्र बहुतेक वेळा गुपचूप वाढते.

इथल्या वर्षाची घडण या गुपचूप वाढण्याला मदत करते. समजा, भातकापणीच्या दिवसांत अंघोळ करताना बाईच्या हाताला काही लागलं. दिवाळी झाली की कुटुंब वीटभट्टीवर निघायचं असतं, मालकाकडून उचल घेतलेली असते. भट्टीवर ओळखीची आशाताई नाही, ओळखीचा दवाखाना नाही. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर, आणि आल्या आल्या आवणी. गाठीला बघता बघता वर्ष होतं. या एका वर्षाची किंमत आकड्यांत कळते. २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या रुग्णांचा देशातल्या ११ कर्करोग नोंदणी केंद्रांनी पाठपुरावा केला. रोग स्तनापुरता असताना सापडला त्या शंभर जणींपैकी ८१ जणी पाच वर्षांनंतर हयात होत्या. काखेपर्यंत किंवा आसपास पसरल्यावर सापडला त्यांच्यातल्या ६५, आणि हाडं, फुप्फुस, यकृत असा दूर गेल्यावर सापडला त्यांच्यातल्या फक्त १८. त्यामुळे भट्टीवर निघण्यापूर्वीचे आठ दिवस हे तपासणीचे दिवस धरावेत. कापणी उरकलेली असते, हातात थोडा पैसा असतो, आणि गाव सोडलं नसल्यामुळे उपकेंद्र चालत्या अंतरावर असतं.

हा शहरातल्या बायांचा आजार आहे, आमच्यात नाही होत, असं पाड्यांवर बोललं जातं. त्यात थोडं तथ्य आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी भागात १९८७पासून ग्रामीण कर्करोगाची नोंद ठेवली जाते, आणि तिथलं स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी आहे. लवकर झालेली बाळंतपणं, जास्त मुलं, मूल दोन-दोन वर्षं अंगावर पाजणं, यांनी धोका उतरतो. पण उतरतो म्हणजे जात नाही. पाच मुलांना पाजलेल्या बाईलाही हा रोग होतो. २०२२ साली देशात याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले आणि ९८ हजारांवर मृत्यू झाले असा जागतिक अंदाज आहे. शिवाय आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने लहान वयात गाठतो. चाळिशी-पन्नाशी हे त्याचं मुख्य वय, आणि तिशीतल्या बायाही त्यातून सुटत नाहीत. ब्लाऊजमध्ये पैसे किंवा मोबाईल ठेवल्याने, मूल छातीवर आपटल्याने किंवा कुणाच्या नजरेने तो होत नाही. ताडी आणि दारू मात्र धोका वाढवतात, ते पुरुषांप्रमाणे बायकांनीही ऐकून ठेवावं.

आता खुणांकडे येऊ. गाठ ही सगळ्यांत ओळखीची खूण. कर्करोगाची गाठ बहुधा टणक असते, कडा खडबडीत असतात, बोटांनी सरकवायला गेलं तर फारशी सरकत नाही, जागेला चिकटल्यासारखी वाटते. उलट तरुण मुलींमध्ये गुळगुळीत, बोटाखालून निसटणारी गाठ सापडते. ती बहुतेकदा साधी असते. पण हा फरक मनाशी धरून घरच्या घरी निकाल लावू नका. काही कर्करोग मऊ असतात, काही सरकतात. बोटांचं काम गाठ सापडवण्याचं, ती कसली आहे ते सांगण्याचं नाही. स्तनातल्या दहांपैकी आठ-नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात, त्यामुळे दाखवायला जाणं म्हणजे वाईट बातमी आणायला जाणं असंही समजू नये.

गाठ काखेतही असू शकते. काखेत बेंड उठतं, हाताला जखम झाली की अवधाण येतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यामुळेच काखेतल्या गाठीकडे दुर्लक्ष होतं. बेंड लाल होतं, ठणकतं, पिकतं आणि आठ-दहा दिवसांत फुटतं. जी गाठ यातलं काहीच न करता तिथेच बसून राहते ती दाखवायची. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात हाताला लागणारी गाठही तशीच.

कातडीच्या खुणा गाठीपेक्षा जास्त फसवतात, कारण त्या पाहाव्या लागतात आणि आपण पाहत नाही. स्तनावर एखाद्या जागी खळी पडलेली दिसते, हात वर केला की ती जास्त ठळक होते. कातडी जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्राछिद्रांची दिसू लागते. दोन्ही स्तन अगदी सारखे बहुतेकींचे नसतातच, पण एका बाजूचा आकार अलीकडे बदलला, तो वर ओढला गेला किंवा सुजला, तर ती खूण धरावी. बोंड आत ओढलं जाणं हेही तसंच. जन्मापासून किंवा तरुणपणापासून आत असेल तर घाबरायचं कारण नाही. पूर्वी बाहेर होतं आणि या वर्षात आत गेलं, तर ताबडतोब दाखवावं. पिळल्यावर दोन्हीकडून थोडं पांढरं-हिरवट पाणी येणं बहुधा साधं असतं. न पिळता, एकाच बाजूने, रक्ताचं किंवा स्वच्छ पाण्यासारखं येणं साधं नाही. पोलक्यावर डाग दिसला तर ते पोलकंच डॉक्टरांना दाखवा. बोंडावर खरूज-गजकर्णासारखं चट्टं उठतं, सोलतं, खाजतं, मलम लावलं की थोडं बसतं आणि परत येतं. दोन-तीन आठवडे मलम लावूनही जात नसेल, तर ते गजकर्ण नाही असं धरून चाला.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण इथे सगळ्यांत जास्त गफलत होते. स्तन लाल झाला, गरम लागतो, सुजला, ताप आला, की दूध साकळलं असं सासू-सुईण सांगते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. औषधगोळ्यांनी ते काही दिवसांत उतरतं. पण दोन आठवडे औषध घेऊनही लाली, सूज, कडकपणा राहिला, तर पुन्हा जा आणि सोनोग्राफी करा असं स्पष्ट सांगा. एका जातीचा कर्करोग गाठ न करता असाच सूज आणि लाली घेऊन येतो आणि तो वेगाने वाढतो. बाळंतीण आहे, पोटुशी आहे, म्हणून कर्करोग होणार नाही असं काही नसतं.

स्वतः तपासायचं कसं, हे पुस्तकात आरशासमोर उभ्या असलेल्या बाईचं चित्र काढून समजावतात. पाड्यावरच्या घरात ते चित्र लागू पडत नाही. आरसा असला तर तळहाताएवढा, अंघोळ कुडाआड, अंगावर लुगडं ठेवून. त्यामुळे काम दोन भागांत वाटून घ्यावं. हाताची तपासणी रात्री अंथरुणावर पडून, अंधारातही होते. बोटांना उजेड लागत नाही. उताणं झोपा, डावा हात डोक्याखाली घ्या, उजव्या हाताची मधली तीन बोटं जुळवून त्यांच्या पेरांचा मऊ भाग डाव्या स्तनावर सपाट ठेवा. चिमटीत धरून पाहू नका, चिमटीत सगळंच गाठीसारखं लागतं. लहान गोल फिरवत, आधी हलकं, मग थोडं दाबून, मग बरगडीपर्यंत दाबून, गळ्याच्या हाडापासून खालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत सगळी जागा फिरा. काख विसरू नका. मग दुसरी बाजू. अंघोळीत साबणाच्या हाताने हेच आणखी सोपं जातं.

पाहण्याचा भाग दिवसा, दार लावून, विश्वासाच्या बाईच्या मदतीने करावा. बहीण, जाऊ, थोरली लेक. एकीने हात कमरेवर ठेवून, मग वर करून, मग पुढे वाकून उभं राहायचं आणि दुसरीने कातडी, खळी, बोंड, आकार पाहायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. लाज वाटेल, पण लाज आपसात मोडली तर परक्या डॉक्टरसमोर ती कमी आड येते.

पाळी येते त्यांनी पाळी संपल्यावर तीन-चार दिवसांनी तपासावं, तेव्हा स्तन मऊ असतात. पाळी गेलेल्या बायांनी पुनव धरावी. तिला कॅलेंडर लागत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. दर महिन्याची शास्त्रशुद्ध तपासणी हेच औषध, असा प्रचार बरीच वर्षं झाला, तो खरा ठरला नाही. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर अभ्यास झाला. अर्ध्या जणींना नीट शिकवलं, आठवण करून दिली. २००२ साली निकाल आला, आणि मृत्यूंच्या आकड्यात फरक नव्हता. म्हणून एखादा महिना चुकला तर मनाला लावून घेऊ नका. आपलं नेहमीचं अंग कसं आहे हे हाताला माहीत असणं, आणि वेगळं लागलं की त्याच आठवड्यात दाखवणं, एवढं पुरे. खरा उपयोग दाखवण्यात आहे.

आणि दाखवायला मोठं यंत्रच लागतं असंही नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच राज्यातला आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईच्या गरीब वस्त्यांत एक काम सुरू केलं. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांवर स्त्रिया, २० वस्त्या. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी आरोग्यसेविका येऊन स्तन तपासायच्या, हाताने. या सेविका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. शाळा शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. मॅमोग्राफी नव्हती. वीस वर्षं पाठपुरावा करून २०२१मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. हाताने तपासलेल्या वस्त्यांत रोग पुढच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसऱ्या वस्त्यांत ४७. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही त्याच निकालात आहे. पण शिकवलेल्या बाईचा हात पुरेसा असतो, हे त्यातून सिद्ध झालं, आणि डहाणू-तलासरीसारख्या ठिकाणी ही फार मोठी गोष्ट आहे.

सरकारी नियमही आज त्याच दिशेचा आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईचा आशाताई सीबॅक नावाचा फॉर्म भरते. त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का, असे प्रश्न असतात. फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली असा समज पुष्कळ ठिकाणी आहे, तो मोडायला हवा. आशाताई विचारते, हात लावून तपासत नाही. तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा नर्सताई करतात, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर. ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी ती व्हायला हवी. तुमची झाली नसेल तर मागून घ्या. त्याच वेळी गर्भाशयाच्या तोंडाची आणि तोंडाच्या आतली तपासणीही होते. मशेरी किंवा तंबाखू लावणाऱ्या बायांनी ती संधी सोडू नये. पुरुष डॉक्टरसमोर अवघड वाटत असेल तर नर्सताईला सोबत उभं राहायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

गाठ सापडली की वाट ठरलेली असावी. सायवन, गंजाड, उधवा किंवा तुमच्या भागातलं जे आरोग्य केंद्र असेल तिथे चिठ्ठी घ्यायची. तिथून तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, किंवा कासा-डहाणूची उपजिल्हा रुग्णालयं. चिठ्ठीवर गाठ कधीपासून आहे ते लिहून घ्या. निदान तीन गोष्टींनी पक्कं होतं: डॉक्टरांचा हात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी. चाळिशीच्या आत स्तन घट्ट असतात, म्हणून तिथे सोनोग्राफी जास्त कामाची. निदान व्हायला किती वेळ लागावा? दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं लक्ष्य आहे. पुढच्या महिन्यात या, पुढच्या महिन्यात या, असं कुणी दोनदा म्हणालं तर दुसरं दार ठोठवा.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही अफवा डहाणूपासून वापीपर्यंत ऐकू येते. सुईने तो पसरत नाही. नुकसान दुसऱ्याच गोष्टीने होतं. गावातल्या किंवा बाजारातल्या छोट्या दवाखान्यात सांगतात, साधी गाठ आहे, भूल देऊन आत्ता काढून टाकतो. गाठ अर्धवट निघते, तुकडा तपासायला जात नाही, टाके पडतात, आणि सहा महिन्यांनी मोठ्या हॉस्पिटलात कळतं की पहिल्याच वेळी नीट केलं असतं तर स्तन वाचला असता. सुईची तपासणी झाल्याशिवाय चाकू लावू देऊ नका. आणि काहीही काढलं तर त्याचा रिपोर्ट, काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या, तो तुमचाच असतो. पुढच्या हॉस्पिटलात तेच आधी विचारतात.

भगताकडे जाणाऱ्यांना अडवून उपयोग होत नाही, हे इथे काम केलेला कोणीही सांगेल. जा, पण त्याच आठवड्यात दवाखान्यातही जा. गाठीवर डाग देऊ देऊ नका, चोळू देऊ नका, कातडी भाजेल असा लेप नको. अंगारा आणि धागा यांनी गाठीला काही होत नाही, डागाने मात्र जखम होते आणि खालची खूण झाकली जाते.

पैशाचा प्रश्न निदानानंतर येतो, पण तयारी आधी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार बसतात. चौकशीचा टोल फ्री नंबर १५५३८८. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती होण्याआधी त्याला गाठा. आपल्याकडे घोडं अडतं ते कागदावर. रेशनकार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, वय तिसरंच. हे दुरुस्त करायला तलासरीच्या तहसील कचेरीत किती फेऱ्या होतात ते सांगायला नको, म्हणून आजारी नसतानाच करा. वापी, वलसाड, सिल्वासा जवळ पडतं म्हणून सीमेपलीकडे जाणारे पुष्कळ आहेत. तिथे आपलं कार्ड चालतं का हे पैसे भरण्याआधी विचारा.

परळचं टाटा हॉस्पिटल १९४१पासून आहे आणि डहाणू रोडहून लोकलच्या मार्गावर आहे. दादरला उतरावं लागतं. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं, आणि मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. एसटीत बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहेच. किरणोपचाराला काही आठवडे मुंबईत राहावं लागतं. त्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. सोबत कोण जाणार, घरी मुलांकडे आणि बकऱ्यांकडे कोण पाहणार, हे नवऱ्याने आणि थोरल्या मुलाने बसून ठरवायचं. उपचार अर्ध्यात सुटतात ते बहुतेक याच कारणाने. पहिल्या केमोनंतर केस गळतात, बाई घाबरते, गाठ मात्र लहान झालेली असते, आणि बरं वाटतंय म्हणून पुढची तारीख चुकवली जाते. गाठ दिसेनाशी झाली तरी तारखा पूर्ण करायच्या.

घरातल्या पुरुषांसाठी आणखी एक. हा रोग पुरुषांनाही होतो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. बोंडामागे टणक गाठ लागली तर हसण्यावारी नेऊ नका. आणि आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांच्यापैकी कुणाला हा रोग झाला असेल, तर घरातल्या मुलींनी डॉक्टरांना ते मुद्दाम सांगावं. बापाकडचं नातंही तितकंच मोजतात.

तपासणीत गाठ साधी निघाली तर रिपोर्ट फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा, पावसात भिजणार नाही असा. सहा महिन्यांनी तीच गाठ पुन्हा दाखवा, वाढली असेल तर त्याआधी. आणि ती साधी होती म्हणून पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला लागलेली गाठही साधीच असेल असं धरू नका; तिची तपासणी नव्याने करायची.